टॅबसमोरच्या मुलाशेजारी कोण बसणार?

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. त्याआधी मराठी माध्यमाच्या मुलाची त्याच्याशी पहिली गाठ पाचवीत पडत असे. तो निर्णय योग्य होता की नाही यावर तेव्हा पुष्कळ भांडून झाले आहे आणि तो वाद इथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही. मात्र त्या निर्णयाच्या पोटात एक अडचण होती आणि ती आजही सुटलेली नाही. पहिली-दुसरीला शिकवणारे बहुतेक गुरुजी आणि बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले होते, तेही धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा आणि प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यायची, या पद्धतीने. त्यांना इंग्रजी वाचता येत होते. बोलण्याचा प्रसंग आयुष्यात फारसा आलेला नव्हता. ज्याला स्वतःला बोलायची सवय नाही त्याने सहा वर्षांच्या मुलाला कसे बोलते करावे, या प्रश्नाचे उत्तर शासनाने, देणगीदारांनी आणि गावकऱ्यांनी तेव्हापासून बहुतांशी यंत्रातच शोधले आहे. कॅसेट आल्या, सीडी आल्या, संगणक कक्ष आले, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि भिंतीएवढे टीव्ही आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, टॅब आले आणि आता मुलाशी थेट बोलणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे चॅटबॉट शाळेच्या दारात उभे आहेत.

यंत्राच्या मदतीने भाषा शिकता येते का, हा प्रश्न आता जुना झाला आहे आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी ‘होय’ असे आहे. विचारायला हवे ते निराळेच: यंत्रासमोर बसलेल्या मुलांपैकी कोणाला ती येते, कोणाला येत नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्या शेजारी त्या वेळी कोण असते? माझे म्हणणे असे आहे की वर्गातल्या पुढच्या मुलाला यंत्र पुरे पडते, मागच्या मुलाला माणूस लागतो. आणि माणसाची सोय न करता केलेली यंत्रखरेदी ही दोघांमधले अंतर सार्वजनिक पैशाने वाढवण्याची व्यवस्था ठरते.

हे नुसते मत नाही. याच राज्यात, साधारण वीस वर्षांपूर्वी, ‘प्रथम’ या संस्थेने प्राथमिक शाळांतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी ‘पिकटॉक’ नावाचे एक साधे यंत्र वापरून पाहिले होते. मुलाने चित्रावर काडी टेकवायची आणि यंत्राने त्या वस्तूचे इंग्रजी नाव उच्चारायचे, एवढेच त्याचे काम. त्याच अभ्यासक्रमावर आधारित खेळ आणि चित्रकार्डे घेऊन माणसांनी शिकवण्याचीही एक रीत होती. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने या रीतींची काटेकोर तुलना केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वच रीतींनी मुलांचे इंग्रजी सुधारले, आणि ती सुधारणा लहान नव्हती. संशोधक वापरतात त्या मापात ती ०.२५ ते ०.३५ प्रमाण विचलनाएवढी होती. एवढ्यावर थांबले असते तर यंत्रवाले आणि माणूसवाले दोघेही खूश झाले असते. परंतु संशोधकांनी आधीपासून हुशार असलेली आणि आधीपासून मागे असलेली मुले वेगळी काढून पाहिली, तेव्हा चित्र दुभंगले. आपल्या गतीने यंत्र वापरण्याचा जास्त फायदा पुढच्या मुलांना झाला होता, तर शिक्षकाने घेतलेल्या खेळांचा आणि उपक्रमांचा जास्त फायदा मागच्या मुलांना. सरासरीत हा फरक दिसत नाही, आणि आपल्याकडची बहुतेक धोरणे सरासरी पाहूनच ठरतात.

असे का होत असावे, हे वर्गात उभे राहणाऱ्या कोणाही शिक्षकाला सांगता येईल. यंत्रापुढे बसलेल्या मुलाला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. नवी भाषा शिकायची, आपल्याला काय येत नाही ते ओळखायचे, आणि त्यावर पुढे काय करायचे ते ठरवायचे. पुढच्या मुलाला दुसरे आणि तिसरे काम आधीच जमते. घरात कोणी शिकलेले असेल तर तो ते तिथेच शिकलेला असतो. मागच्या मुलाला नेमके तेच जमत नाही. त्याला चुकले एवढे कळते, का चुकले ते कळत नाही, आणि थोड्या वेळाने तो अंदाजाने पर्याय दाबू लागतो. पडद्यावर हिरवी खूण उमटेपर्यंत दाबत राहण्याची ही कला मुले फार लवकर आत्मसात करतात, आणि शाळेच्या अहवालात त्याची नोंद ‘पाठ पूर्ण’ अशी होते.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये शिकणाऱ्याच्या व्यवहाराचे तीन प्रकार सांगितले होते: विद्यार्थ्याचा अभ्याससामग्रीशी, विद्यार्थ्याचा शिक्षकाशी आणि विद्यार्थ्यांचा एकमेकांशी. संगणकाने यांपैकी पहिला प्रकार अतिशय समृद्ध केला. चित्र हलते, आवाज येतो, उत्तर ताबडतोब तपासले जाते. इतिहास-भूगोलाच्या बाबतीत एवढ्याने बरेच भागते. भाषेचे तसे नाही, कारण भाषेत दुसरा आणि तिसरा प्रकार हीच शिकण्याची मूळ वस्तू असते. भाषा संपादनाचे संशोधक मायकेल लाँग यांनी १९८० च्या दशकापासून हा मुद्दा मांडला की दोघांच्या बोलण्यात अडथळा येतो, एकाला दुसऱ्याचे कळत नाही, तो ‘म्हणजे?’ असे विचारतो आणि दुसरा तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो, त्या क्षणी भाषा पक्की होत जाते. आपले वाक्य समोरच्यापर्यंत पोहोचले नाही, ही जाणीवच वाक्य सुधारायला भाग पाडते. सराव-प्रणाली मात्र ‘मला कळले नाही’ असे कधीच म्हणत नाही. ती ‘चूक’ म्हणते. समोरच्याला न कळल्यावर आपण पुन्हा सांगून पाहतो, चूक म्हटल्यावर बहुधा गप्प बसतो.

इथे मराठी मुलाच्या इंग्रजीचे एक उदाहरण घेतो. चौथीतला मुलगा ‘ही गो टू स्कूल’ असे लिहितो. प्रणाली लाल खूण करते आणि ‘गोज’ हा शब्द दाखवते. मुलगा तो उतरवून घेतो आणि पुढच्या वाक्यात ‘आय गोज’ लिहितो, कारण दुरुस्ती त्याने शब्दाला लावली, नियमाला नाही. मराठी जाणणारी बाई इथे अर्ध्या मिनिटाचे काम करते. ती म्हणते, आपण ‘मी जातो, तू जातोस, ते जातात’ असे म्हणतो, ‘ती’ असली तर ‘जाते’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडे माणूस बदलला की क्रियापद बदलते. इंग्रजीत एवढी कटकट नाही, फक्त ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ एकटे असले की शेपूट लागते. मुलाला कळते की त्याला आधीच येत असलेल्या अवघड गोष्टीची ही सोपी आवृत्ती आहे. ‘टेबल ऑन’ असे उलटे का लिहिले जाते, ‘द’ का गळतो, ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ यांत फरक का ऐकू येत नाही, या सगळ्यांची मुळे मराठीत आहेत आणि ती ज्याला दिसतात तोच मुलाला हात देऊ शकतो. नंदुरबारच्या पाड्यावर हेच मूळ भिलीत किंवा पावरीत असेल, मेळघाटात कोरकूत, आणि तिथे तर मराठी हीच मुलाची दुसरी भाषा. अमेरिकेत किंवा बंगळुरूत बसून बनवलेल्या प्रणालीला याचा पत्ता असण्याची अपेक्षाही करू नये.

संगणकाने भाषा शिकवण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयोगातही हाच धडा लपलेला होता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची शिक्षण-संगणक प्रणाली सुरू केली. पुढे तिच्यावर फ्रेंच, रशियन, लॅटिन अशा भाषांचे सरावपाठ तयार झाले, आणि ते त्या काळाच्या मानाने फार चांगले होते. १९७३ मध्ये त्याच प्रणालीवर एकमेकांना संदेश लिहिण्याची आणि गटाने गप्पा मारण्याची सोय झाली आणि बघता बघता लोक तिथे तासन्‌तास रमू लागले. प्रणाली शिकवण्यासाठी बांधली होती, पण माणसांना त्यात सर्वांत मोलाचे वाटले ते दुसरे माणूस. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ‘लँग्वेज लॅब’ पाहिल्या की वाटते, हा धडा आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही. प्रत्येक विद्यार्थी लाकडी खणात, कानाला हेडफोन, तोंड पडद्याकडे. शेजारच्याकडे पाहू नये यासाठी मध्ये फळीसुद्धा असते. संभाषणाची प्रयोगशाळा म्हणून उभारलेल्या खोलीत संभाषणाला बंदी, हा विनोद आपण गेली कित्येक वर्षे गंभीर चेहऱ्याने चालवतो आहोत.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणक प्रणालीची शाळेनंतरच्या केंद्रांत परीक्षा झाली. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार केवळ साडेचार महिन्यांत मुलांनी गणितात मोठी झेप घेतली आणि हिंदीतही ०.२३ प्रमाण विचलनाची प्रगती केली. शिवाय मागे पडलेली मुलेही पुढच्यांइतकीच सरकली, कारण प्रणाली प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीपासून सुरू करत होती. सातवीतल्या मुलाला तिसरीचे येत असेल तर तिसरीपासून. माझ्या म्हणण्याला हा पुरावा आडवा जातो, तो झाकून ठेवता येणार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे ती भाषा हिंदी होती, मुलांच्या घरादाराची आणि रस्त्याची भाषा. प्रणालीने त्यांना वाचायला-लिहायला मदत केली, बोलायला त्यांचे गल्लीतले मित्र होतेच. आपल्या ग्रामीण मुलाला इंग्रजीसाठी अशी गल्ली उपलब्ध नाही. दुसरे म्हणजे त्या केंद्रातल्या दीड तासापैकी अर्धा वेळ यंत्रावर आणि अर्धा वेळ छोट्या गटात एका सहायक शिक्षकासमोर जात असे. प्रगतीचे श्रेय मुख्यतः प्रणालीचे असे संशोधकांचे मत आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु मुले त्या केंद्रात येत राहिली, तिथे त्यांना नावाने ओळखणारे कोणीतरी होते, हे त्या रचनेतून वजा करता येत नाही. आपल्याकडच्या निविदेत मात्र नेमके तेवढेच वजा होते.

वेळापत्रकाचाही प्रश्न आहे, आणि त्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. गुजरातेत ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांमध्ये ली लिंडन यांनी केलेल्या अभ्यासात संगणकाची एकच प्रणाली दोन तऱ्हांनी वापरली गेली. जिथे तिने शाळेच्या वेळेत शिक्षकाच्या शिकवण्याची जागा घेतली तिथे मुले गणितात स्पष्टपणे मागे पडली. जिथे ती शाळेच्या वेळेबाहेर, जास्तीची म्हणून ठेवली तिथे मुले पुढे गेली. प्रणाली तीच, परिणाम उलटा. पेरूमध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या मोठ्या योजनेचे ३१९ ग्रामीण शाळांत मूल्यमापन झाले, तेव्हा गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांत काहीच फरक आढळला नाही. ही योजना ज्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा भाग होती तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावी झाला होता, हे आज कर्जत तालुक्याबाहेर फारसे कोणाला आठवत नसेल.

यंत्राच्या बाजूने एक मुद्दा मला मनापासून मान्य आहे, तो म्हणजे लाज. वर्गात उभे राहून इंग्रजी वाक्य बोलताना मुलगा अडखळला की मागच्या बाकावरून खसखस पिकते, आणि मुलगी असेल तर पुढचे वर्षभर ती तोंड उघडत नाही. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, दहाव्यांदा विचारले तरी चिडत नाही. एकट्याने, कोणी ऐकत नसताना, वाक्य पुटपुटून पाहण्याची ही सोय मोलाची आहे आणि कोणत्याही शिक्षकाला ती तेवढ्या प्रमाणात देता येणार नाही. फक्त हा सराव ज्यासाठी केला तो प्रसंग कधीतरी यायला हवा. वर्गातल्या हसण्यावर उपाय वर्गातच करावा लागतो. यंत्राच्या आडोशाला वर्षानुवर्षे बसवून ठेवल्याने मुलीची भीती जात नाही, ती फक्त कोणाला दिसत नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप मात्र शिक्षकाविषयीचा असतो. बाईंनाच इंग्रजी बोलता येत नाही, मग त्यांना शेजारी बसवून काय मिळणार? हा आक्षेप घेणारे लोक गृहीत धरतात की शेजारी बसणाऱ्याचे काम माहिती पुरवण्याचे आहे. अनुभव तसे सांगत नाही. दिल्लीच्या कालकाजी भागात १९९९ मध्ये भिंतीत संगणक बसवून ‘मुले आपापली शिकतात’ असे जगाला सांगणारे सुगाता मित्रा यांचेच पुढचे काम पाहावे. त्या भिंतीतल्या संगणकावर बराच वेळ खेळण्यात आणि चित्रे काढण्यात जातो, अशी टीका पाहून आलेल्या अभ्यासकांनी केली होती. पुढे तमिळनाडूतल्या कालिकुप्पम गावी मित्रा यांनी तमिळभाषक मुलांपुढे इंग्रजीतला जैवतंत्रज्ञानाचा मजकूर ठेवला. मुले आपापली थोडी शिकली, पण त्यांची मजल खरी वाढली ती त्या विषयाचे काहीही न येणाऱ्या एका ओळखीच्या व्यक्तीला त्यांच्यासोबत ठेवल्यावर. तिने करायचे ते एवढेच: कौतुक करायचे, ‘हे काय केलंस, मला दाखव की’ म्हणायचे, आणि मुलांना सोडून जायचे नाही. नातवंडांपाशी आजी जे करते ते. यातूनच पुढे स्काइपवरून मुलांशी बोलणाऱ्या स्वयंसेवक आज्यांचा उपक्रम उभा राहिला आणि ज्या ठिकाणी मित्रा यांच्या शिक्षणाच्या प्रयोगशाळा झाल्या त्यांत आपले फलटणही होते. ‘मुलांना यंत्र द्या आणि बाजूला व्हा’ या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता शेवटी आजीपाशी येऊन पोहोचला, याला मी यंत्रविरोधी पुराव्यापेक्षा जास्त वजन देतो.

मुंबई महापालिकेच्या शाळांनी तर हे आणखी आधी पाहिले होते. ‘बालसखी’ योजनेत वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज वर्गाबाहेर घेऊन बसत. त्यांच्यापाशी ना बी.एड. होते ना डी.एड.; अगदी थोडे प्रशिक्षण आणि मुलांना ओळखणे एवढीच पुंजी. मुंबई आणि वडोदरा या शहरांतल्या मूल्यमापनात त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर गाजला. त्याच अभ्यासात वडोदऱ्यात संगणकावरच्या गणिताच्या खेळांचाही चांगला परिणाम आढळला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. गंमत अशी की त्यानंतर आपल्या शाळांत संगणक पोहोचले, बालसखी पोहोचल्या नाहीत.

चॅटबॉट आल्यावर हा सगळा विचार जुना झाला, असे सांगणारे पुष्कळ आहेत. यंत्र आता चूक-बरोबर एवढेच म्हणत नाही, ते बोलते, मराठीत समजावते, क्रियापदाची शेपटीसुद्धा समजावून सांगेल. हे खरे आहे आणि वर मी बाईंचे म्हणून जे काम सांगितले त्यातले बरेचसे ते करू शकेल. पण त्याच्यात एक नवा दोष आहे, जुन्या दोषाच्या नेमका उलटा: ते सगळेच समजून घेते. मुलाने अर्धे वाक्य मराठीत, अर्धे इंग्रजीत, काळ चुकवून, शब्द गाळून टाकले तरी चॅटबॉटला अर्थ लागतो आणि तो सफाईदार उत्तर देतो. आपले वाक्य पोहोचले नाही, असा प्रसंग तिथे उद्भवतच नाही, आणि म्हणून ते सुधारण्याची निकडही वाटत नाही. शेजारच्या बाकावरची मुलगी एवढी समजूतदार नसते. ती भुवया उंचावते, ‘काय?’ म्हणते, कधी भलताच अर्थ लावून भलतेच चित्र काढते, आणि मग दोघांना मिळून वाक्य नीट करावे लागते. मुलांच्या या परस्परांना न समजण्यात भाषाशिक्षणाची जी ताकद आहे ती कितीही हुशार यंत्रात आणता येईल असे मला वाटत नाही; उलट यंत्र जितके हुशार, तितकी ती कमी.

प्रौढांच्या बाबतीतही चित्र फार वेगळे नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी ते पूर्ण करणारे २०१७-१८ मध्ये सुमारे ३ टक्के होते, आणि हे लोक शिकलेले, स्वेच्छेने आलेले. ‘ड्युओलिंगो’ या लोकप्रिय भाषा-अॅपमध्ये एकेका वाक्याखाली शिकणारे एकमेकांच्या शंका सोडवत, व्याकरण समजावत. २०२२ मध्ये कंपनीने त्या चर्चा बंद केल्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ मध्ये काम सुरू केले ते अभ्यासकेंद्रे सोबत घेऊन, कारण घरी पोहोचलेले पुस्तक पुरेसे नाही, कोणीतरी शंका ऐकणारे हवे, हे टपालाच्या जमान्यातल्या लोकांना ठाऊक होते.

मग गेल्या काही वर्षांत आपल्याकडे काय झाले? शालेय संगणक कक्षांच्या योजनेत खाजगी कंपनीने संगणक पुरवायचे, ठरावीक वर्षे कंत्राटी संगणक-शिक्षक द्यायचा आणि मग सगळे शाळेच्या हवाली करायचे, अशी रीत होती. करार संपला की शिक्षक गेला आणि यंत्रे राहिली. नोकरी गेलेल्या त्या शिक्षकांची आंदोलने झाली, कक्षांना कुलपे लागली. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ आले आणि पाठ्यपुस्तकातल्या धड्याला चित्रफीत जोडली गेली. करोनाच्या काळात रोज व्हॉट्सअॅपवर अभ्यासमाला येत राहिली. ती कोणी उघडली आणि उघडून काय केले हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून कित्येक शिक्षक मास्क लावून ओट्यांवर आणि देवळाच्या सभामंडपात मुलांना भेटत राहिले. मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणानुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२२ मध्ये सुमारे ७५ टक्के घरी. त्याच सर्वेक्षणात साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी पाचवीतली मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. मध्ये शाळा दीर्घकाळ बंद होत्या, त्यामुळे सगळा दोष फोनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण हातात पडदा आला की इंग्रजी येईल, हा समज टिकवायलाही या आकड्यांत आधार सापडत नाही.

यंत्र नको, असे माझे म्हणणे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले, ज्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडला. पण त्याआधी त्यांनी गावातल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे ओळखले होते, आणि त्यांचे दुसरे गाजलेले काम म्हणजे परदेशातल्या मुलांशी आपल्या मुलांना पडद्यावरून बोलायला लावणे. तिथे यंत्र मुलाला दुसऱ्या मुलापर्यंत नेण्याचे साधन झाले. शिक्षकांच्या बाबतीतही हे करता येते, हे राज्यात २०१६ पासून टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने चाललेल्या ‘तेजस’ प्रकल्पाने दाखवले. एकेका परिसरातले इंग्रजीचे शिक्षक ठरावीक काळाने गटात भेटायचे, आपसात इंग्रजीत बोलायचे, वर्गातले अनुभव सांगायचे, आणि मधल्या काळात फोनवरच्या गटात संपर्कात राहायचे. ज्या शिक्षकाला स्वतः बोलायची जागा मिळाली तोच मुलांना ती देतो. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर शिक्षकांची दरमहा शिक्षण परिषद होतेच. तिथे परिपत्रकांचे वाचन थोडे आवरते घेतले तर अर्धा तास सहज निघेल.

वर्गात काय करायचे, तेही खर्चिक नाही. प्रत्येक मुलाला एक टॅब देण्याऐवजी दोघांना मिळून एक द्यावा. मग उत्तर दाबण्याआधी त्यांना आपसात बोलावे लागते, आणि उरलेल्या निम्म्या पैशाचा हिशेब माणसाच्या बाजूला मांडता येतो. जोडीतली एक मुलगी पुढची आणि एक मागची असावी, मात्र पडदा मागचीच्या हातात असावा, नाहीतर जोडी नावालाच राहते. यंत्रावर वीस मिनिटे झाली की पुढची वीस मिनिटे पडदे उलटे ठेवून त्याच शब्दांवर आणि वाक्यांवर मुलांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत. शंका मराठीत, अहिराणीत, कोरकूत विचारायला पूर्ण मोकळीक हवी. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळा मुलाची एकमेव शिडी काढून घेतात. आणि खरेदीच्या निविदेत, जिथे आज पडद्याचा आकार, बॅटरी आणि तीन वर्षांची हमी यांचे रकाने असतात, तिथे आठवड्यातले किती तास कोणती व्यक्ती मुलांसोबत बसेल आणि तिचे मानधन कोणत्या लेखाशीर्षातून जाईल, हा रकाना भरल्याशिवाय फाइल पुढे सरकू नये.

ही व्यक्ती कोण, हा प्रश्न द्विशिक्षकी शाळेत खरोखर बिकट आहे. दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता, त्यात ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे, पोषण आहाराचा हिशेब. अशा शाळेतल्या बाईंना ‘मुलांशेजारी बसा’ असे सांगणे क्रूर आहे. गावातली बारावी किंवा पदवी झालेली एखादी ताई हे काम उत्तम करू शकते, बालसखींनी ते केलेच होते. पण इथे एक भीती आहे आणि ती रास्त आहे: अशा ताईला स्वस्त मजूर म्हणून वापरून घ्यायचे आणि नियमित शिक्षकाची रिक्त जागा तशीच ठेवायची. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार महिना ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतनावर तरुणांना सहा महिन्यांसाठी नेमले, त्यांतले काही शाळांतही गेले. मुदत नंतर काही महिने वाढली, पण ती शेवटी मुदतच होती. मुलाने कोणापुढे तरी अडखळत बोलायला सुरुवात करावी आणि तोवर त्या व्यक्तीची मुदत संपावी, याने फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो. म्हणून ही नेमणूक किमान तीन शैक्षणिक वर्षांची असावी, शिक्षकाच्या मंजूर पदाच्या बदली नव्हे तर त्याव्यतिरिक्त असावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने गावातूनच व्हावी. खर्च वाढेल, हे उघड आहे. तो टॅबच्या पुढच्या खेपेतून काढता येईल. तीन वर्षांनी जुने टॅब निकामी होऊन नवी खेप मागवली जातेच, आणि जिल्हा नियोजन समितीपुढे तो प्रस्ताव येईल तेव्हा हा हिशेब मांडायला हरकत कोणाची असेल ते तिथेच कळेल.